पाणी बेचव का लागतं? चव सुधारण्याचे घरगुती उपाय, आणि कुठल्या पाण्यात लिंबू पिळून भागणार नाही

पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण परगावी गेलो आणि पहिला घोट घेतला की आपणच म्हणतो, "इथलं पाणी वेगळं लागतंय." मुलं नळाचं पाणी प्यायला नाक मुरडतात, म्हाताऱ्या माणसांना उकळलेलं पाणी नको होतं, आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पाणी सगळ्यात जास्त लागतं, तेव्हाच "पाणी जात नाही" म्हणून लोक सरबत नाहीतर कोल्ड्रिंककडे वळतात.

पाण्याची चव सुधारणं अवघड नाही. बहुतेक उपाय घरात असलेल्या वस्तूंनीच होतात. फक्त एक गोष्ट आधी बघावी लागते: चव बिघडली आहे ती कशामुळे? कारण काही चवी निरुपद्रवी असतात, काही चवी उलट पाणी सुरक्षित असल्याचं सांगतात, आणि काही वेळा चव लपवणं हेच धोक्याचं असतं. नाशिकचं उदाहरण घेऊन हे सगळं समजून घेऊ.

पाण्याला चव येते कुठून?

अगदी शुद्ध पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. ते कुणाला गोड लागत नाही, फिकं लागतं. आपली जीभ कायम लाळेत भिजलेली असते आणि लाळेत थोडे क्षार असतात. जिभेला त्याची सवय झालेली असते. त्यापेक्षा फारच कमी क्षार असलेलं पाणी तोंडात गेलं की ते सपक वाटतं, आणि फार जास्त क्षार असतील तर खारट किंवा मचूळ लागतं. या दोन्हींच्या मधलं पाणी आपल्याला "गोड" लागतं.

म्हणजे पाण्याची चव ठरते ती त्यात विरघळलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट यांवरून. त्यात भर पडते विरघळलेल्या हवेची आणि तापमानाची. पाणी गार असलं की वास कमी उडतो आणि चवही कमी कळते. म्हणून तेच पाणी कोमट असताना नकोसं आणि गार असताना बरं वाटतं.

विरघळलेल्या क्षारांचं एकूण मोजमाप म्हणजे टीडीएस. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा कुठलाच स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६०० च्या खाली पाणी साधारणपणे चवीला चांगलं लागतं आणि १,००० च्या वर गेलं की चव बिघडत जाते.

एकाच शहरात पाणी वेगवेगळं का लागतं?

नाशिक शहराची मुख्य मदार गंगापूर धरणावर आहे. काही भागांना इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून मिळतं. नाशिकरोडचा पुरवठा दारणा नदीवरच्या चेहेडी बंधाऱ्याशी जोडलेला राहिला आहे. शिवाय अनेक सोसायट्यांमध्ये बोअरवेल असते आणि टंचाईत टँकर येतो.

धरणाचं पाणी हे सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि थोडंच अंतर कापून गंगापूर धरणात पोचते. खडकाशी फार संबंध न आल्यामुळे या पाण्यात क्षार कमी असतात.

बोअरचं पाणी मात्र काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांमधून झिरपत, मुरत आलेलं असतं. वाटेत ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. हेच जड पाणी. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर आणि गीझरमध्ये पांढरा थर बसतो. सिन्नर, येवला या पर्जन्यछायेतल्या भागात पाऊस कमी, त्यामुळे भूजलातले क्षार वाढायला वाव जास्त.

उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते, पाणी तापतं आणि शेवाळ वाढतं. काही प्रकारचं शेवाळ आणि जिवाणू 'जिओस्मिन' नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासात याचाच वाटा असतो. आपलं नाक याबाबतीत भलतंच तिखट आहे. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश एवढं जिओस्मिन असलं तरी ते कळतं. मृद्गंध अंगणात हवाहवासा वाटतो, पेल्यात नको असतो. पण त्या पदार्थाने आजार होत नाही.

आधी चव ओळखा

औषधासारखा किंवा स्विमिंग पूलसारखा वास: हा क्लोरीन. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं मानक सांगतं. टाकीपासून घरापर्यंतच्या प्रवासात जंतू शिरले तर त्यांना मारण्यासाठी तो असतो. म्हणजे हा हलका वास चांगलं लक्षण आहे.

मातकट वास: पाणी स्वच्छ दिसत असेल तर बहुधा जिओस्मिन.

लोखंडाची चव, पिवळट रंग: जुन्या लोखंडी पाइपांचा गंज. सकाळी पहिल्या पाण्यात जास्त जाणवतो. ते बादलीत काढून झाडांना किंवा फरशीला वापरा.

मचूळ, खारट चव: क्षार जास्त आहेत. पाणी बहुधा बोअरचं.

प्लास्टिकचा वास: उन्हात तापलेली टाकी, पाइप किंवा बाटली.

सडक्या अंड्यासारखा किंवा गटाराचा वास, अचानक गढूळपणा: इथे चवीचा विचार सोडून द्या. हे पाणी पिऊ नका. याबद्दल पुढे बोलू.

क्लोरीनचा वास घालवायचा असेल तर

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाट बघणं. रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी भरून वर झाकण ठेवा आणि काही तास जाऊ द्या. क्लोरीन हळूहळू उडून जातो. रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळी बरंच बरं लागतं.

मात्र क्लोरीन गेला म्हणजे पाण्याचा राखणदारही गेला. त्यामुळे असं पाणी झाकूनच ठेवायचं, त्यात हात किंवा उष्टा पेला बुडवायचा नाही आणि दिवसभरात संपवायचं. पूर्वी माठावर लांब दांड्याचं ओगराळं अडकवलेलं असे, ते याचसाठी. तोटीचा माठ असेल तर आणखी चांगलं.

दुसरा उपाय लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला लगेच निष्प्रभ करतं. पाण्यात थोडा रस टाकला तरी वास कमी होतो. पण क्रम चुकवू नका. टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्यात तुम्ही स्वतः क्लोरीनचं द्रावण टाकत असाल तर निदान अर्धा तास थांबा, मगच लिंबू. आधीच पिळलंत तर क्लोरीन लिंबाशी भांडण्यातच संपेल आणि जंतू तसेच राहतील.

तिसरा उपाय कार्बन फिल्टर. कोळशासारख्या या पदार्थाला असंख्य बारीक छिद्रं असतात. क्लोरीन, मातकट वास आणि प्लास्टिकचा वास तो ओढून घेतो. कार्ट्रिज मात्र वेळेवर बदलायला हवं. जुन्या कार्बनमध्ये जंतूंचीच वस्ती होते.

उकळलेलं पाणी सपक का लागतं?

पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. पातेल्याच्या तळाशी उकळी फुटण्याआधीच जे बारीक बुडबुडे दिसतात, ती हीच हवा. शिवाय काही क्षार पांढऱ्या थराच्या रूपात खाली बसतात. म्हणून चव पडते.

इलाज सोपा आहे. पाणी झाकून गार होऊ द्या आणि मग दोन स्वच्छ भांड्यांमध्ये चार-पाच वेळा उंचावरून वरखाली करा, चहा निववतात तसं. नाहीतर बाटली अर्धी भरून जोरात हलवा. हवा परत मिसळते.

उकळतानाच चव घालायची पद्धतही जुनी आहे. केरळात घरोघरी आणि हॉटेलांत जिरं घालून उकळलेलं पाणी देतात. जपानमध्ये उन्हाळ्यात भाजलेल्या जवाचं गार पाणी पितात. आपल्याकडे धणे, जिरं, बडीशेप, सुंठ हे सगळं फडताळात असतंच. दोन लिटर पाण्याला एक चमचा जिरं किंवा धणे पुरे. उकळी आल्यावर पाच मिनिटांनी गॅस बंद करा आणि गार झाल्यावर गाळून घ्या.

माठ: वीज न लागणारा फ्रीज

माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि बाहेरच्या बाजूने उडून जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती बरीचशी आतल्या पाण्यातून घेतली जाते. गणित केलं तर चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम पाणी उडालं की मोठा पेलाभर पाणी सुमारे १० अंशांनी गार होऊ शकतं. त्यात मातीचा हलका गंध मिसळतो. माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होत नाही, म्हणून ते पोटभर पिता येतं.

नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो. पारा चाळिशीला टेकतो, पण हवेत दमटपणा कमी. माठाला असंच हवामान लागतं. जुलैत तोच माठ आळशी होतो, कारण हवेतच इतकी वाफ असते की माठावरचं पाणी उडत नाही.

नवा माठ आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून किंवा भरून ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. घासायला साबण वापरू नका, माती तो शोषून घेते. काथ्याने किंवा स्वच्छ ब्रशने घासलं की झालं. पाणी रोज बदला. बाहेरून रंग किंवा पॉलिश दिलेला माठ घेऊ नका. छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही. माठ घडवंचीवर, सावलीत आणि वारा लागेल अशा जागी ठेवा.

तांब्याचा हंडा: किती खरं, किती खोटं?

नाशिकचा भांडी बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुना आणि नावाजलेला आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चवीला वेगळं लागतं, कारण तांब्याचे अत्यंत सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. हे कण जंतूंनाही मारतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलरा, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू मुद्दाम पाण्यात सोडून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं होतं. त्यानंतर त्या जंतूंची वाढ आढळली नाही, आणि पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत होतं.

म्हणजे रात्रभर ठेवण्यात तथ्य आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गढूळ किंवा गटारमिश्रित पाणी तांब्यात ठेवून शुद्ध होत नाही. दोन, तांब्याच्या भांड्यात लिंबू, कोकम, ताक असं काहीही आंबट ठेवायचं नाही. आंबटपणामुळे तांबं जास्त प्रमाणात उतरतं, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. लिंबूपाणी करायचं असेल तर पाणी आधी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ओतून घ्या.

साखर न घालता चव कशी आणायची?

वाळा: वाळ्याच्या मुळ्यांची छोटी जुडी स्वच्छ धुऊन माठात सोडा. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा आणि परत वापरा. वास संपला की बदला.

पुदिना, तुळस, गवती चहा: लिटरभर पाण्याला आठ-दहा पानं. हाताने थोडी चुरगळून टाका म्हणजे वास लवकर उतरतो.

काकडी आणि लिंबाच्या चकत्या: चार-पाच पुरतात. लिंबाची साल तासाभरानंतर कडवटपणा सोडते, म्हणून चकत्या वेळेत काढा.

सब्जा: आधी पाण्यात अर्धा तास भिजवा, मगच पेल्यात घाला. कोरडा सब्जा थेट पिऊ नका, घशात फुगून अडकू शकतो.

द्राक्षं: हा खास नाशिककरांसाठी. हंगामात मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेली द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवा. पेल्यात बर्फाऐवजी तीन-चार टाका. पाणी गार होतं आणि शेवटी खायला द्राक्ष मिळतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र गोल द्राक्ष देऊ नका, उभं चिरून द्या.

फळं किंवा पानं घातलेलं पाणी बाहेर दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. दिवसभर लिंबूपाण्याचे घोट घेत राहिलं तर दातांचं आवरण झिजतं, तेव्हा मधूनमधून साधं पाणीही प्या. रक्तदाब असणाऱ्यांनी पाण्यात रोज मीठ किंवा सैंधव घालू नये. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर चव कितीही चांगली झाली तरी डॉक्टरांनी दिलेलं मापच पाळा.

आरओ घ्यावा का?

पाणी मचूळ असेल, टीडीएस ५०० च्या वर असेल, तर आरओचा उपयोग होतो. क्षार काढायला घरगुती पातळीवर दुसरा सोपा मार्ग नाही. उकळून खारटपणा जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो.

पण धरणाच्या, आधीच कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावला तर ते आणखी सपक होतं, आणि बरंच पाणी वायाही जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली, टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, ते यामुळेच. अशा पाण्याला कार्बन आणि यूव्ही फिल्टर पुरतो. कार्बन वास काढतो, यूव्हीचा प्रकाश जंतू मारतो, आणि क्षार तसेच राहतात.

आरओ विकताना एक प्रयोग दाखवतात. नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात. पाणी तपकिरी होतं, गाळ तरंगतो, बघणारा घाबरतो. आरओच्या पाण्यात तसं होत नाही. खरं तर तो गाळ पाण्यातला नसतोच, तो सळीच्या लोखंडाचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही. चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग आरओच्या पाण्यावर करायला सांगा, तेही तपकिरी होईल.

आणि टीडीएसचं यंत्र जंतू मोजत नाही. टीडीएस ९० असलेलं पाणी काविळीचं असू शकतं आणि ४५० असलेलं निर्धोक असू शकतं.

गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचं पाणी चवीला उत्तम म्हणून लोक लांबून नेत. हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका वृद्ध बाईंना तर तीच चव हवी असे, म्हणून त्यांच्यासाठी रोज त्या पंपाच्या पाण्याची बाटली जायची. कॉलऱ्याने त्या गेल्या आणि ते पाणी प्यायलेली त्यांची भाचीही गेली. आसपास साथ नसताना झालेल्या या मृत्यूंवरूनच डॉ. जॉन स्नो यांना, आजार पाण्यातून पसरतो याचा भक्कम पुरावा मिळाला.

कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांच्या जंतूंना चव नसते. खतातून भूजलात उतरणारं नायट्रेटही जिभेला कळत नाही. आणि आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब जातो आणि जिथे गळती आहे तिथून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात हा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून पाणी अचानक गढूळ आलं, गटाराचा वास आला, किंवा गल्लीत जुलाब-काविळीचे रुग्ण दिसू लागले तर लिंबू, वाळा, पुदिना सगळं बाजूला ठेवा. महापालिकेकडे तक्रार करा. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. पाणी निवळून, गाळून, खळखळून उकळा. बोअर किंवा विहिरीचं पाणी वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेत तपासून घ्या.

याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना आटलेल्या विहिरीच्या तळाशी साचलेलं पाणी वाटीवाटीने भरावं लागतं. तिथे चव हा प्रश्न नंतरचा. फडक्यातून गाळणं, उकळणं आणि आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं द्रावण नीट वापरणं हाच तिथला खरा उपाय. क्लोरीनच्या वासामुळे लोक ते टाकायचं टाळतात. पाणी अर्धा तासानंतर दोन भांड्यांत वरखाली केलं तर तो वास बराच कमी होतो. हे कुणीतरी समजावून सांगितलं, तर एखाद्या घरातले जुलाब टळू शकतात.

थोडक्यात

क्लोरीनचा वास: काही तास ठेवा किंवा लिंबाचे थेंब.
उकळलेलं सपक पाणी: वरखाली करा, जिरं किंवा धणे घाला.
कोमट पाणी: माठ.
मातकट किंवा प्लास्टिकचा वास: कार्बन फिल्टर, टाकीची सफाई.
गंजाची चव: पहिलं पाणी सोडून द्या, पाइप बदला.
मचूळ पाणी: टीडीएस मोजा, मगच आरओ.
गढूळ किंवा घाण वासाचं पाणी: पिऊ नका, तक्रार करा.

आधी सुरक्षित, मग चवदार, हा क्रम पाळला की साधं पाणीसुद्धा मागून प्यावंसं वाटतं.